गुन्हा दाखल असताना नोकरीची पडताळणी: काय सांगायचं आणि कोणते कागद लागतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६. २०२१ साली गावी बांधावरून भावकीत भांडण झालं, दोन्हीकडून फिर्यादी झाल्या. त्यात भारतीय दंड संहितेच्या ३२४, ३२३, ५०४, ५०६ व ३४ या कलमांखाली नाव आलं. दोषारोपपत्र तालुक्याच्या न्यायालयात गेलं, तारखा चालू आहेत. आता पुण्यातल्या एका कंपनीची ऑफर आली आहे, पार्श्वभूमी पडताळणीचा फॉर्म भरायचा आहे आणि पोलीस भरतीचाही विचार आहे. गुन्हा सांगायचा का? सांगितला तर नोकरी जाईल का?

आधी उत्तर, मग तपशील. फॉर्ममध्ये प्रलंबित खटल्याबद्दल विचारलं असेल तर सांगायचाच. अशा किरकोळ मारहाणीच्या खटल्यामुळे खासगी नोकरी जाते ती बहुधा खटल्यापेक्षा लपवाछपवीमुळे. पोलीस भरतीचं गणित वेगळं आणि बरंच कडक आहे. पण दोन्हीकडे पहिलं काम एकच: आपल्यावर नेमकं काय आहे, ते कागदावरून कळून घेणं. बहुतेकांना ते माहीतच नसतं. वकील सांभाळतो आहे, वडील तारखेला जाऊन येतात, एवढ्यावरच सगळं चालू असतं.

कागद आधी वाचा

‘माझ्यावर केस आहे’ या एका वाक्यात पाच-सहा अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात. नुसती ३२३, ५०४, ५०६ (साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी) ही कलमं असती तर साधारणपणे ती अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, झाली असती; न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करत नाहीत. तुमच्या प्रकरणात ३२४ आहे, म्हणजे हत्याराने दुखापत. म्हणून ते दखलपात्र झालं आणि एफआयआर नोंदवला गेला. बऱ्याच जणांवर प्रत्यक्षात फक्त एनसी असते आणि ते फॉर्ममध्ये ‘एफआयआर आहे’ असं लिहून बसतात. काहींच्या बाबतीत फिर्यादीत नाव होतं, पण तपासात वगळलं गेलं आणि दोषारोपपत्रात नाही. काहींचा गुन्हा पोलिसांनी समरी अहवाल देऊन बंद केलेला असतो. महाराष्ट्रात अशा समरीचे तीन प्रकार आहेत: ‘अ’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी किंवा पुरावा मिळत नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद खोटी, आणि ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून आलेली. ‘ब’ समरी न्यायालयाने मंजूर केली असेल तर तो तुमच्या बाजूचा भक्कम कागद आहे, पण मंजुरीच्या आदेशाची नक्कल हातात असेल तरच.

आणखी एक प्रकार म्हणजे चॅप्टर केस. निवडणूक किंवा सण आला की शांतता राखण्यासाठी बंधपत्र घेतात; पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १०७, ११०, आता तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची १२६, १२९. ही प्रतिबंधक कारवाई आहे, शिक्षा नव्हे. तरीही सरकारी फॉर्ममध्ये बंधपत्राबद्दल वेगळा प्रश्न असतो आणि तिथे ती लिहावी लागते.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर जिल्हा व न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. तुमच्या खटल्याचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळेल. त्यावरून टप्पा, पुढची तारीख आणि आधीचे आदेश दिसतात. मग न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून एफआयआर, दोषारोपपत्र आणि रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) यांच्या प्रमाणित प्रती काढा. झेरॉक्सवर भागवू नका, पुढे प्रत्येक ठिकाणी प्रमाणित प्रतच मागतात.

दोषारोपपत्र हातात आलं की आरोपीच्या माहितीतला अटकेच्या तारखेचा रकाना बघा. हे फार महत्त्वाचं आहे. ‘मला अटक झालीच नाही, ठाण्यात सह्या घेऊन सोडलं’ असं खूप जण मनापासून सांगतात. पण गुन्हा जामीनपात्र असेल तर पोलीस कागदोपत्री अटक दाखवून त्याच दिवशी जामिनावर सोडतात. कोठडीत एक तासही न जाता तुम्ही कागदावर ‘अटक झालेले’ असू शकता. नुसती नोटीस देऊन सोडलं असेल तर अटक नाही. फॉर्ममधल्या ‘कधी अटक झाली होती काय’ या प्रश्नाचं उत्तर आठवणीवरून न देता या रकान्यावरून द्या.

कंपनी काय बघते आणि तिला काय दिसतं

खासगी पडताळणी करणाऱ्या संस्थांना पोलिसांच्या अंतर्गत संगणक यंत्रणेत शिरता येत नाही. त्यांच्याकडे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, न्यायालयांची खुली माहिती: तुम्ही दिलेल्या पत्त्यांच्या हद्दीतली न्यायालयं आणि उच्च न्यायालय यांत नाव, वडिलांचं नाव आणि पत्ता जुळवून शोध. दुसरी, तुम्ही स्वतः पोलिसांकडून आणलेलं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र. म्हणून ज्या गुन्ह्यात अजून दोषारोपपत्र गेलेलं नाही तो पहिल्या वाटेने सहसा दिसत नाही. दुसऱ्या वाटेने दिसतो. शिवाय २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणं सोडून बाकी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात, तिथेही नाव सापडू शकतं. तुमच्या प्रकरणात खटला न्यायालयात आहे आणि गावचा कायमचा पत्ता फॉर्ममध्ये येणारच, तेव्हा तो सापडेल असं धरूनच चाला.

उलटा त्रासही होतो, तो म्हणजे नावसाधर्म्याचा. पाटील, जाधव, शिंदे, पवार या आडनावांत नाव, वडिलांचं नाव आणि तालुका तिन्ही जुळणारी माणसं सापडतात. न्यायालयाच्या नोंदीत कधी वडिलांचं नाव नसतं, कधी वय नसतं, आणि इंग्रजी स्पेलिंग तर कारकून लिहील ते. अहवालात अचानक लाल शेरा आला आणि तुमच्यावर काहीच नसेल, तर नुसतं ‘तो मी नव्हे’ असं लिहून उपयोग नाही. अहवालाची प्रत आणि सीएनआर क्रमांक लेखी मागा. अमेरिकेत असा अहवाल वापरून नोकरी नाकारण्याआधी उमेदवाराला त्याची प्रत द्यावी लागते. आपल्याकडे त्यासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून मागावीच लागते, आणि ईमेलवर मागितली तर बहुतेक ठिकाणी तपशील मिळतो. मग त्या खटल्यातल्या ज्या कागदावर आरोपीचं वय, पूर्ण नाव आणि पत्ता आहे त्याची नक्कल काढायचा प्रयत्न करा आणि आपल्या जन्मतारखेच्या व पत्त्याच्या पुराव्यासोबत पाठवा. जोडीला स्थानिक पोलीस ठाण्याचं प्रमाणपत्र. एवढं दिलं की शेरा बदलतो. फक्त प्रतिज्ञापत्र दिलं तर सहसा बदलत नाही.

आता तुमच्या फॉर्मकडे. प्रश्न शब्दशः वाचा. ‘तुम्हाला कधी दोषी ठरवलं आहे का?’ असं विचारलं असेल तर तुमचं खरं उत्तर ‘नाही’ आहे. ‘कोणताही फौजदारी खटला प्रलंबित आहे का?’ असं असेल तर ‘होय’. ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का?’ असं असेल तर पुढे निर्दोष सुटलात तरी उत्तर ‘होय’च राहील. विचारलेल्यापेक्षा जास्त सांगायची सक्ती नाही, विचारलेलं लपवायची मुभा नाही. ‘होय’ लिहायचं झालं की सोबत चार ओळी जोडा. त्या अशा असाव्यात:

‘माझ्याविरुद्ध [पोलीस ठाणे] येथे सन २०२१ मध्ये गुन्हा रजिस्टर क्रमांक (गु. र. क्र.) [ ] नोंद असून त्याचा खटला क्र. [ ] प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, [तालुका] यांच्यासमोर प्रलंबित आहे. कलमे: ३२४, ३२३, ५०४, ५०६ सह ३४, भा. दं. वि. हा वाद शेतजमिनीच्या हद्दीवरून नातेवाइकांत झाला असून परस्परविरोधी फिर्यादी दाखल आहेत. मला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवलेले नाही. दोषारोपपत्राची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे.’

बस, एवढंच. फिर्यादी किती वाईट माणूस आहे, पोलिसांनी पैसे मागितले, राजकारण झालं, हे काही लिहू नका. वाचणारी व्यक्ती मनुष्यबळ विभागातली असते. तिला तीनच गोष्टी हव्या असतात: आरोप कामाशी जोडलेला आहे का, शिक्षा झाली आहे का, आणि माणूस सरळ बोलतो का. बांधावरच्या भांडणाचा सॉफ्टवेअरच्या कामाशी संबंध नाही, हे तिला चार ओळींत दिसतं. तोच माणूस लेखा विभागात घ्यायचा असेल आणि आरोप फसवणुकीचा असेल तर गोष्ट वेगळी. आणि हे पत्र सहीनिशी, ऑफर स्वीकारताना, पडताळणी सुरू होण्याआधी गेलं पाहिजे. अहवालात खटला सापडल्यावर दिलेला खुलासा कितीही खरा असला तरी सारवासारवच वाटतो.

तरीही कंपनी नाही म्हणू शकते. गुन्ह्याची नोंद आहे म्हणून नोकरी नाकारायला खासगी मालकाला बंदी करणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. उलट काही ठिकाणी कायदाच दार बंद करतो. बँकिंग नियमन कायदा, १९४९ च्या कलम १० प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला बँक नोकरीवर ठेवू शकत नाही. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानुसार शिक्षा झालेल्याला सुरक्षारक्षक म्हणून घेता येत नाही. दोन्ही ठिकाणी शब्द ‘शिक्षा झालेला’ असा आहे, ‘खटला चालू असलेला’ नव्हे.

कंपनी पुढे परदेशी पाठवणारी असेल तर एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्या. फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असताना पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(फ) खाली पासपोर्ट नाकारता येतो. त्यावर उपाय म्हणजे खटला जिथे आहे त्या न्यायालयाची परवानगी. १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे आदेशात जेवढी मुदत लिहिली असेल तेवढ्या मुदतीचा पासपोर्ट मिळतो, मुदत लिहिलेलीच नसेल तर एक वर्षाचा. म्हणून वकिलाला परवानगीच्या अर्जात मुदत स्पष्ट मागायला सांगा. ही एक ओळ राहून गेल्यामुळे दर वर्षी पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते.

सरकारी नोकरी आणि पोलीस भरती

इथे साक्षांकन नमुना, म्हणजे पूर्ववृत्त तपासण्यासाठीचा सरकारी फॉर्म, भरावा लागतो. त्यात एकामागून एक विचारतात: कधी अटक झाली काय, खटला भरला गेला काय, स्थानबद्ध केलं काय, बंधपत्र घेतलं काय, दंड झाला काय, दोषी ठरवलं काय, आज कोणता खटला प्रलंबित आहे काय. खोटी माहिती दिल्यास किंवा माहिती दडवल्यास अपात्र ठरवलं जाईल, असा इशाराही त्याच नमुन्यावर छापलेला असतो. हा नमुना सायबर कॅफेतल्या माणसाला भरायला देऊन नुसती सही करणारे उमेदवार पाहिले की जीव तुटतो. तो सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळा होतो, आणि चारित्र्य पडताळणीचा कागद गावच्या ठाण्यात गेला की दुसऱ्या पानावर गुन्हा निघतो. नमुना दिल्यानंतर नवा गुन्हा दाखल झाला तर तोही लगेच लेखी कळवा.

या विषयावरचा आधाराचा निकाल म्हणजे ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’, २०१६, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा. त्यातलं तुमच्या कामाचं असं: माहिती खरी असलीच पाहिजे. प्रश्न मोघम असेल तर जे विचारलंच नाही ते दडवलं असा आरोप करता येत नाही. किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल तर नियुक्ती अधिकारी वय, गुन्ह्याचं स्वरूप आणि पदाची जबाबदारी बघून तो माफ करू शकतो. नोकरीत कायम झालेल्या माणसाला माहिती दडवल्याच्या कारणावरून काढायचं असेल तर आधी विभागीय चौकशी हवी. पण त्याच निकालात दुसरी बाजूही आहे: सगळं खरं सांगितलं तरी नियुक्ती मिळालीच पाहिजे असा हक्क उमेदवाराला मिळत नाही. अधिकाऱ्याने पूर्ववृत्त तपासायचं आणि कारणं बघून ठरवायचं. प्रलंबित खटला किरकोळ असेल आणि उमेदवाराने तो खरेपणाने सांगितला असेल, तर नेमणूक देण्याची मोकळीक अधिकाऱ्याला आहे.

पोलीस दलाबाबत मोजमाप आणखी कडक. ‘पोलीस आयुक्त विरुद्ध मेहर सिंग’ या २०१३ च्या निकालात उमेदवार तडजोडीने आणि पुराव्याअभावी सुटलेले होते, तरी छाननी समितीने त्यांना नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं. कारण सुटका ‘सन्माननीय’ नव्हती. म्हणजे साक्षीदार फितूर झाले, संशयाचा फायदा मिळाला, तडजोड झाली, या सगळ्या सुटका कायद्याने सुटकाच, पण वर्दीच्या नोकरीत त्यांचं वजन कमी. निकालपत्रात आरोपी घटनास्थळी नव्हता किंवा आरोप खोटा ठरतो असं न्यायाधीशांनी लिहिलं असेल तर ते वाक्य अर्जासोबत अधोरेखित करून द्या. एकदा निकाल लागला की वाक्य बदलत नाही, म्हणून खटला चालू असतानाच तुमच्या वकिलाला सांगून ठेवा की पुढे सरकारी नोकरीसाठी अर्ज करायचा आहे. मग उलटतपासणी आणि युक्तिवाद त्या दिशेने होतो.

खटला कसा संपवायचा, आणि कसा संपवायचा नाही

भावकीतलं प्रकरण असल्याने तडजोडीचा विचार स्वाभाविक आहे. ३२३, ५०४, ५०६ ही कलमं फिर्यादीच्या संमतीने मिटतात आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच असतो. पण ३२४ मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. तालुक्याचं न्यायालय तिथे अडतं. त्यासाठी दोन्ही बाजूंनी मिळून मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या खंडपीठाकडे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. परस्परविरोधी फिर्यादी असतील तर दोन्ही गुन्हे एकदमच रद्द करून घ्या, एक मागे राहिला तर तडजोड मोडते. आणि रद्द झाला तरी ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ या प्रश्नाला उत्तर ‘होय, आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला’ असंच द्यायचं.

सगळ्यात जास्त नुकसान कशाने होतं ते आता सांगतो. लोकअदालतीत किंवा एखाद्या तारखेला कुणीतरी सल्ला देतो, ‘कबूल करा, पाचशे रुपये दंड भरा, विषय संपला.’ विषय संपत नाही, तिथेच सुरू होतो. गुन्हा कबूल करून भरलेला दंड म्हणजे दोषसिद्धी. जुगार कायद्याचं कलम १२(अ), दारू पिऊन गाडी चालवल्याचं कलम १८५, सार्वजनिक ठिकाणच्या गोंधळाचं महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११०, अशा प्रकरणांत विशी-बाविशीतली मुलं एक दिवस वाचवण्यासाठी कबुली देतात आणि पुढे आयुष्यभर ‘दोषी ठरवलं होतं काय’ या रकान्यात ‘होय’ लिहितात. तडजोड आणि कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सही करण्याआधी वर काय लिहिलं आहे ते वाचा. सिग्नल तोडल्याच्या ई-चलनाची रक्कम भरली तर ती तडजोड शुल्क असते, त्याची धास्ती घेऊ नका.

आंदोलनातल्या गुन्ह्यांबद्दलही असाच गैरसमज आहे. खटले मागे घेण्याचा शासन निर्णय निघाला म्हणजे तुमचा खटला संपला असं नाही. सरकारी वकिलाने अर्ज करून न्यायालयाने संमती दिली की मगच तो संपतो. त्या आदेशाची नक्कल नसेल तर ठाण्याच्या नोंदीत तुम्ही अजून आरोपीच असता.

दोषी ठरलातच तर वकिलाला परिवीक्षेचा, म्हणजे शिक्षा न देता समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा, अर्ज करायला सांगा. परिवीक्षा कायदा, १९५८ च्या कलम ३ किंवा ४ खाली सोडल्यास कलम १२ प्रमाणे त्या दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. मात्र माहिती सांगण्याची जबाबदारी सुटत नाही: २०२१ मध्ये राजस्थानच्या एका वीज पारेषण कर्मचाऱ्याने परिवीक्षेवर सुटल्याचा आधार घेतला, पण दोषसिद्धी दडवली होती म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याला काढणं कायम ठेवलं. अपिलात ‘शिक्षेला स्थगिती’ मिळाली तर तुरुंगवास थांबतो, दोषसिद्धी उभीच राहते. तिची स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती क्वचित मिळते.

गुन्हा घडला तेव्हा वय १८ पेक्षा कमी असेल तर मात्र ठाम उभे राहा. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम २४ म्हणतं की अशा नोंदीमुळे कोणतीही अपात्रता येत नाही (१६ वर्षांवरच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालला असेल तो अपवाद), आणि कलम ७४ प्रमाणे निकाली निघालेल्या प्रकरणाची माहिती पोलिसांनी चारित्र्य प्रमाणपत्रासाठी देऊच नये. प्रमाणपत्रावर तशी नोंद आली तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी हरकत घ्या.

खटला संपल्यावर एक काम हमखास राहून जातं. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन पोलीस ठाण्यात जा, गुन्ह्याच्या नोंदीत आणि संगणक प्रणालीत निकाल चढवण्याचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. न्यायालयातून ठाण्यापर्यंत निकालाची माहिती आपोआप पोचेल यावर विसंबू नका. ती न पोचल्यामुळे सुटून चार वर्षं झालेल्या माणसाच्या प्रमाणपत्रावर ‘न्यायप्रविष्ट’ असा शेरा येतो. पोच असली की तो शेरा बदलून घेता येतो.

सगळं खरं सांगूनही राज्य सरकारची नियुक्ती नाकारली गेली तर नकाराचा आदेश कारणांसह लेखी मागा. नकार ‘गुन्हा दाखल आहे’ एवढ्या एका ओळीचा असेल, गुन्ह्याचं स्वरूप, वय, निकाल यांचा विचार केलेला दिसत नसेल, तर तो अवतार सिंग निकालाच्या कसोटीवर टिकणं कठीण असतं. दाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात मागायची, आदेशापासून एक वर्षाच्या आत. पण वर्ष संपायची वाट बघू नका. भरतीच्या जागा तोवर भरल्या जातात, म्हणून पहिल्याच महिन्यात अर्ज करून एक जागा रिकामी ठेवण्याची अंतरिम मागणी करा.